वाढदिवस हॉलवर, की मंडळीत?

पालकहो,

"ताई, बाळाचा पहिला वाढदिवस आहे. हॉल घेतलाय, जेवणाचं ठरलंय, फुग्यांचं डेकोरेशनही सांगितलंय. पाळकसाहेबांना तेवढं सांगाल का? सातला येऊन प्रार्थना करून गेले की झालं." असे फोन मला वर्षभर येत असतात. आईच्या आवाजात आनंद मावत नसतो, म्हणून फोनवर मी दुसरं काही बोलत नाही. "अभिनंदन" म्हणते आणि निरोप पोचवते. पण रविवार शाळेत तुमचीच मुलं माझ्यासमोर बसतात, आणि त्यांच्याकडे बघताना जे मनात येतं ते तुमच्यापर्यंत पोचायला हवं असं फार दिवस वाटतंय.

सांगायचं आहे ते एवढंच: मुलाच्या आयुष्यातला प्रत्येक टप्पा आधी मंडळीत आणा. हॉल, केक, फोटो हे नंतर होईल किंवा नाही झालं तरी चालेल. मंडळीनं जो दिवस तुमच्या मुलासोबत साजरा केला, त्या दिवसापुढची थोडी जबाबदारी मंडळीच्याही अंगावर येते. हॉलवर आलेले पाहुणे जेवून घरी जातात, त्यात त्यांचा काही दोष नाही. त्यांना आपण जेवायलाच बोलावलेलं असतं.

आपण भिवंडीत राहतो, म्हणून हे आणखी महत्त्वाचं. इथे आपल्यातलं जवळजवळ प्रत्येक घर कुठून तरी आलेलं आहे. कुणाचे आजोबा नगर जिल्ह्यातले, कुणी जालन्याकडचे, कुणाचं घर तेलंगणातून येऊन पद्मानगरात स्थिरावलेलं, कुणी केरळातून नोकरीला आलेलं. आधी यंत्रमागानं माणसं बोलावली, आता अंजूर-मानकोलीकडची गोदामं बोलावतात. शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेतच सात लाखांवर गेली होती. त्याच जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकही पूर्ण भरली नाहीत, आणि आपल्या शहरात तर आपण मूठभरच. भावकी गावाला, मामा एकीकडे, आत्या तिसरीकडे. अशा घरात मुलाला मध्यरात्री ताप चढला, रिक्षा मिळत नसली, तर तुम्ही दार कुणाचं वाजवता? आठवून बघा. बहुतेकदा ते दार मंडळीतल्याच कुणाचं तरी असतं. मग त्याच माणसाला आनंदाच्या दिवशी शेवटच्या रांगेत का बसवायचं?

लूकच्या शुभवर्तमानातली बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारणाऱ्या हुशार मुलाची. आई-बापांनी मात्र तिच्या अलीकडचा भाग सावकाश वाचावा. वल्हांडण सण आटोपून मरीया आणि योसेफ यरुशलेमहून परत निघाले. मुलगा सोबतच्या लोकांत असेल असं धरून ते एक दिवसाची वाट चालून गेले. एक आख्खा दिवस! आज आपण शाळेची बस दहा मिनिटं उशिरा आली तरी फोनाफोनी करतो. पण मरीया-योसेफांना निष्काळजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या काळी सणाला नातलग आणि ओळखीची माणसं मिळून चालत जात. मूल कुणाच्या तरी भाकरीतली भाकरी खात, कुणाच्या तरी पोरांबरोबर धावत चाललेलं असणार, याची त्यांना खात्री होती. आणि तो सापडेना तेव्हाही त्यांनी त्याला आधी नातेवाइकांत आणि ओळखीच्यांतच शोधलं. आपलं मूल दिवसभर डोळ्यांआड असूनही ज्यांच्या भरवशावर निर्धास्त राहता येईल, अशी माणसं त्यांना होती. ती माणसं एका दिवसात मिळत नाहीत. ती दरवर्षीच्या त्या वाटेवर, सण एकत्र करता करता झालेली असतात.

आपल्याकडे अशी माणसं जोडायची सुरुवात फार सुंदर केलेली आहे, आपलंच लक्ष नसतं. काही मंडळ्यांत बाळाचा बाप्तिस्मा होतो, काहींत बाळाचं समर्पण होतं आणि मूल जाणतं झाल्यावर स्वतःच्या तोंडानं विश्वास सांगून पाण्यात उतरतं. रीत कुठलीही असो, पाळक आधी आई-वडिलांना विचारतात, धर्ममाता-धर्मपिता असतील तर त्यांना विचारतात, आणि मग बाकांकडे वळून मंडळीला विचारतात की या लेकराला विश्वासात वाढवायला तुम्ही मदत कराल ना? सगळे होकार देतात. त्या होकारात सत्तरीच्या आजी असतात आणि मागच्या बाकावर मोबाइल खाली धरून बसलेला कॉलेजातला मुलगाही असतो. पण दोन-तीन वर्षांनी त्या बाळाचं नाव त्यांच्यापैकी किती जणांना सांगता येतं? यात मंडळीची चूक आहेच, पण तुमच्याही हातात काही आहे. बाप्तिस्म्यानंतर फोटो काढून लगेच गाडीत बसू नका. बाळाला बाकाबाकांतून फिरवा. म्हाताऱ्या हातांत द्या. येशू चाळीस दिवसांचा असताना मंदिरात त्याला हातात घेणारा शिमोन आणि त्याला बघून देवाचे आभार मानणारी हन्ना हे त्याचे कुणी रक्ताचे नव्हते. आयुष्यभर वाट बघितलेली दोन वृद्ध माणसं होती ती. आपल्याही बाकांवर अशी माणसं आहेत, ज्यांची नातवंडं दुबईत किंवा बंगळुरात आहेत आणि जी बाळाला हात लावायला तुमच्या परवानगीची वाट बघत असतात.

धर्ममाता-धर्मपिता निवडतानाही एवढं बघा की ते भिवंडीत राहतात का. नाहीतर आपण घरातला सगळ्यात मोठ्या पगाराचा काका निवडतो, जो बाप्तिस्म्याला चांदीचा पेला देतो आणि पुढं मुलाच्या लग्नालाच भेटतो. कामतघरात राहणारी, रविवारी मुलाला आपल्याबरोबर चर्चला घेऊन येऊ शकणारी साधी बाई हजारपट बरी.

खर्चाचं एकदाच बोलते. हौसेला माझा विरोध नाही. मराठी ख्रिस्ती घरांत बारशाला पाळणा सजतो, लग्नाआधी हळद लागते, बांगड्या भरतात, नाताळला करंज्या-शंकरपाळ्या होतात, ते सगळं मला प्रिय आहे. पण पहिल्या वाढदिवसासाठी कर्ज काढलेली घरं मला माहीत आहेत, आणि त्या कर्जाचा हप्ता शाळेच्या फीच्या महिन्यात आला की काय होतं तेही माहीत आहे. मरीया-योसेफांनी मंदिरात जे अर्पण दिलं ते कोकरू न परवडणाऱ्यांसाठी नियमशास्त्रानं ठरवून दिलेलं, पाखरांच्या जोडीचं होतं. त्यांच्या अर्पणाकडे बघून शिमोनानं बाळाला हातात घ्यायचं थांबवलं नाही. आपल्या मंडळ्यांत एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. ज्यांचा त्या आठवड्यात वाढदिवस असेल ते उपासनेत पुढे येतात, उपकारस्तुतीचं पाकीट ठेवतात, पाळक त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, मंडळी एक कडवं म्हणते. मुलाला तिथं दरवर्षी उभं करा, न चुकता. शमुवेलाची आई हन्ना दरवर्षी एक लहानसा झगा शिवून शिलोला घेऊन जायची, असं शास्त्रात आहे. लेकरू एली याजकाच्या हाताखाली, आईपासून लांब वाढत होतं. दर झगा आधीच्यापेक्षा थोडा मोठा शिवावा लागत असणार. मुलाची वाढ डोळ्यांत भरत असणार ती आईच्या आणि एलीच्याही. तुमचं मूल दरवर्षी पुढे येऊन उभं राहिलं, तर बाकांवरच्या माणसांनाही ते वाढताना दिसेल.

आता थोडं नाजूक बोलते. आपल्यातल्या बऱ्याच घरांत आजी-आजोबा वेगळ्या श्रद्धेचे आहेत. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांना बोलवायला आपण कचरतो. काय म्हणतील, रागावतील, नातेवाइकांत चर्चा होईल. मग बाप्तिस्मा गुपचूप उरकतो आणि गावाला महिन्यांनी कळतं. असं करू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. ती बातमी त्यांच्यापर्यंत दुरून पोचली. त्यानंतरची त्यांची होरपळ, माहेर-सासरच्या माणसांची घालमेल, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन काढलेले दिवस हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं आहे. मराठीतल्या सगळ्यात खऱ्या पुस्तकांपैकी ते एक आहे, आणि ख्रिस्ती पालकांनी तर ते घरात ठेवलंच पाहिजे. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे परत आल्या, आणि टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, 1900 साली, स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. एकाच घरातल्या दोन माणसांचा एकच टप्पा. पहिला एकट्यानं ओलांडला गेला आणि त्यानं घर दुभंगलं. दुसरा घरात राहून, सगळं बघून, पारखून ओलांडला गेला. टिळकांना त्या काळात दुसरा मार्ग होता की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. तेव्हा धर्म बदलणाऱ्याला बहुतेकदा घर, जात सगळंच सोडावं लागे. पण आज तुमच्या आई-वडिलांना बोलवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. या, बसा, आमचं बाळ बघा, काही पटलं नाही तर मोकळं बोला, एवढं त्यांना म्हणा. मंडळीतही मी सांगत असते की अशी आजी आली तर तिला पुढच्या बाकावर जागा द्या, तिच्याशी गावच्या पावसापाण्याचं बोला, आणि त्या दिवशी तिला कुणी उपदेश करू नका.

शेजाऱ्यांचंही तसंच आहे. आपल्या दाराला दार लागून मुसलमान घर असतं, पद्मशाली घर असतं, उत्तरेकडचं असतं, आगऱ्यांचं असतं. या शहरानं 1970 आणि 1984 साली हिंदू-मुस्लिम दंगली पाहिल्या. शेजार तुटला की काय होतं ते इथल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्हीकडच्या माणसांना एका सतरंजीवर बसवलं, आणि डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. एकमेकांना नावानं ओळखणारी माणसं तिथं उपयोगी पडली. आपल्या बाळाच्या उपकारस्तुतीला शेजारच्या खालाजान येतात, त्यांच्या नातवाच्या अकीक्याला, म्हणजे जन्माच्या समारंभाला, आपण जातो, तेव्हा तीच ओळख टिकत असते. आपल्या बिर्याणीचं मटण कुठून आणलं हे त्यांना न विचारता कळावं, एवढी काळजी मात्र घ्यायची. आणि शाकाहारी पंगतीचं पातेलं खरंच वेगळं ठेवायचं.

लग्नाचं फार सांगत नाही, त्यावर सगळेच बोलतात. फक्त एक. आपल्याकडे लग्नाची सूचना आधी चर्चमध्ये जाहीर होते. भारतीय ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872 सालचा आहे. त्यातही चर्चच्या दर्शनी जागी सूचना लावण्याचं आणि दोन साक्षीदारांसमोर लग्न लावण्याचं कलम आहे. लग्न ही दोघांची किंवा दोन घरांची खासगी गोष्ट नाही हे आपल्या जुन्या माणसांना आणि कायद्यालाही कळलेलं होतं. मुंबई, ठाणे, वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' असतं. घरच्या आणि आळीतल्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवऱ्यामुलाला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. भिवंडी रोड स्टेशनवरून दिवा-वसईची गाडी धरली की तासाभरात तुम्ही त्या मुलखात पोचता. मुलांना एकदा असं लग्न दाखवा. सगळ्या आळीनं डोक्यावरून आणलेल्या पाण्यानं न्हालेली मुलगी सासरी जाते, म्हणजे काय घेऊन जाते, ते त्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

मंडळीलाही काही शिकावं लागेल. बाळाचं समर्पण चालू असताना मागे एक जोडपं खाली मान घालून बसलेलं असतं, ज्यांचा पाळणा हललेला नाही. नवरा गेल्यावर एकटीनं मुलं वाढवणारी बाई लग्नाच्या वाढदिवसांची यादी वाचली जाते तेव्हा बाहेर पाणी प्यायला जाते. मतिमंद मुलाला घेऊन येणारे आई-बाबा त्याचा वाढदिवस असूनही पुढे येत नाहीत, कारण तो मध्येच ओरडेल. ओरडू दे. त्याचं ओरडणं आपल्याला सवयीचं व्हायला हवं. कारखान्यातली तीस वर्षांची नोकरी संपून घरी बसलेल्या माणसासाठी, पहिल्यांदा स्वतःच्या खोलीची किल्ली मिळालेल्या घरासाठी, दारू सोडून वर्ष झालेल्या बापासाठी, त्याची तयारी असेल तर, मंडळीनं उभं राहून देवाचे आभार मानावेत. आणि ज्यांच्या मागाच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते, ज्यांना रविवारी गोदामात पाळी असते, त्यांच्या घरची प्रार्थना शुक्रवारी संध्याकाळी ठेवायला काय हरकत आहे? प्रार्थना रविवारीच व्हावी हा हट्ट कशासाठी?

आता माझ्या मनाला सगळ्यात लागलेली गोष्ट. दहावीचा निकाल लागला की आपण मंडळीत गुणगौरव करतो. ज्यांना चांगले टक्के मिळाले त्यांची नावं पुकारतात, ट्रॉफी, पुष्पगुच्छ, टाळ्या. मुलं खूश होतात, व्हायलाच हवीत. मात्र त्या रविवारी बाकांवर कोण कोण दिसत नाही, हेही मी बघत असते. काठावर पास झालेली मुलं नसतात. नापास झालेली तर त्यापुढचे कितीतरी रविवार नसतात. ज्या लेकराला आपण बाप्तिस्म्याच्या दिवशी वाढवू म्हणून होकार दिला, ते सोळाव्या वर्षी आपल्यापासून तोंड लपवतंय. आणि आई-बाबाच घरी त्याला म्हणतात, "आता चर्चमध्ये काय तोंड दाखवायचं?" पालकहो, हे वाक्य घरातून हद्दपार करा. चर्चमध्ये तोंड दाखवायला टक्के लागतात हे त्या मुलाच्या मनात एकदा बसलं, की ते पुढे नोकरी गेल्यावर येणार नाही, लग्न मोडल्यावर येणार नाही, व्यसनात अडकल्यावर तर नाहीच. ज्या ज्या वेळी त्याला आपली गरज असेल, नेमकं त्या त्या वेळी ते लांब राहील.

आपल्या मंडळीतला एक मुलगा गणितात नापास झाला होता. त्याच्या आईनं धाडस केलं आणि त्याला निकालानंतरच्या पहिल्याच रविवारी घेऊन आली. उपासना संपल्यावर मागाच्या कारखान्यात हिशेब लिहून निवृत्त झालेले एक काका त्याच्याजवळ आले. ते म्हणाले, "पुरवणी परीक्षा जुलैत आहे ना? उद्यापासून संध्याकाळी घरी ये." तो गेला. पुढं तो पास झाला, आयटीआयला लागला. पण तो पास झाला नसता तरी ती गोष्ट मी तुम्हाला सांगितली असती, कारण त्या काकांच्या घरी तो अजूनही जातो. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री दवाखान्यात तोच थांबला होता. हे सगळं घडलं ते त्या रविवारी आई त्याला घेऊन आली म्हणून.

तेव्हा यापुढे आपण असं करायचं ठरवतोय. दहावी-बारावीला बसलेल्या प्रत्येक मुलामुलीला निकालानंतरच्या रविवारी पुढे बोलवायचं, सगळ्यांना. टक्के वाचायचे नाहीत. नावं वाचायची, बाप्तिस्मा किंवा समर्पण झाल्याची तारीख वाचायची, मग प्रार्थना आणि एकेक पुस्तक सगळ्यांना सारखं. चांगले गुण मिळवणाऱ्यांचं कौतुक घरी जाऊन करू, शाळेतही होईलच. नापास झालेल्यांना कुणी शिकवायचं त्याची यादी त्याच दिवशी, त्यांच्या कानावर न घालता, करायची. या यादीसाठी शिकवू शकणारी माणसं मला हवी आहेत. गणित, इंग्रजी, विज्ञान, काहीही चालेल. आणि मुलांची नावं मला जानेवारीतच हवी आहेत, परीक्षेच्या आधी. निकाल लागल्यावर नाव द्यायला सगळेच येत नाहीत.